रविवारची गोळी आणि शेळीचं दूध

यंदा जत्रा तोंडावर आली असताना मी सोलापुरात हाडांच्या तपासणीच्या टेबलावर उताणा पडलो होतो, आणि माझे पाय आपोआप ठेका धरत होते. मशीन चालवणाऱ्या मुलीनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, शेवटी सरळ माझा घोटाच धरला. "सर, हलू नका. फोटो हलतोय." मी म्हटलं, "हलत नाही, नाचतोय." ती हसली नाही. तिचंही बरोबर आहे. पन्नाशी ओलांडलेला शाळामास्तर तिथं येऊन असलं काही बोलायला लागला तर तिनं करायचं काय? पण मला धीरच निघत नव्हता. या फोटोवर माझं नाचणं ठरणार होतं.

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं. घरात मेंढरं, गावाबाहेर बिरोबाचं देऊळ, आणि जत्रेत गजीचा नाच. मधोमध ढोल, भोवती पांढऱ्या कपड्यांतल्या पुरुषांचं रिंगण, हातांत रंगीत रुमाल. ढोलाची चाल बदलली की पाऊल बदलतं. सुरुवात संथ, मग चढत चढत अशी वेळ येते की बघायला आलेली माणसंही जागच्या जागी हलायला लागतात. त्या रिंगणात माझी जागा दादाच्या डाव्या हाताला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी चालायला शिकलो तो दादाच्या मागं गजीचं पाऊल टाकत, असं आई सांगते. ते खोटं आहे, पण मला फार आवडतं. आता त्याच्या गुडघ्यांनी मान टाकलीय. दिवाळीत फोनवर म्हणाला, "यंदा शेवटचं बग. मग रुमाल खुंटीला. तू येतूस का न्हाय तेवढं सांग."

माझी जागा तोवर दोन जत्रा रिकामी होती. दुसऱ्या कुणाला ती दादानं घेऊ दिली नव्हती.

झालं होतं असं, की माझं शरीर माझ्याच लिव्हरशी भांडायला उठलं होतं. असाही एक आजार असतो, हे मला तो झाल्यावरच कळलं. गावाला मात्र लिव्हर म्हटलं की एकच कारण ठाऊक. "मास्तर, कुटं बसत हुता तेवढं तरी सांगायचं की आमाला," असं मला माझ्याच गावच्या पारावर एकानं ऐकवलं. जन्मात मी उसाच्या रसाहून कडक काही प्यालो नाही. भांडण मिटवायला डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गुण चांगला आला, भूक परत आली, आणि तोंड फुगून पुरीसारखं झालं. बायको म्हणाली, "अहो, आधारकार्डावरचा फोटो बदलून घ्या, नाहीतर ओळखायचे नाहीत कुणी."

या गोळ्या खूप दिवस चालणार होत्या, आणि बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की त्या हाडं आतून पोकळ करत जातात. दुखत नाही, खुपत नाही. कळतं ते एकदम मोडल्यावरच. म्हणून पहिली तपासणी झाली. वयाच्या मानानं हाडं विरळ निघाली. मग कॅल्शियम आलं, ड जीवनसत्त्व आलं, आणि हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी आली. ती आम्ही रविवारवर टाकली.

हाडं ठिसूळ झाल्याची बातमी माझ्याआधी गावात पोचली, आणि सगळ्यांनी मिळून मला काचेच्या बरणीसारखं फळीवर ठेवायचं ठरवलं. बायकोनं हातातली पिशवी काढून घेतली. शाळेत वर्गावर्गात माझ्यासाठी खुर्ची आली. दादा फोनवर एकच वाक्य म्हणायचा, "बस, हलू नगंस." मी बसलो. माझ्यासारख्या माणसाला बसवणं म्हणजे काय शिक्षा आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. फळ्यापासून खिडकीपर्यंत चालल्याशिवाय मला वाक्य पुरं करता येत नाही.

नोकरीमुळं मी शहरात, जुळे सोलापूर भागात राहतो, आणि आई आमच्याजवळ. जनावराच्या वासाशिवाय तिला झोप येत नाही, म्हणून फाटकाशेजारच्या लिंबाखाली तिनं एक शेळी बांधलीय. शेजाऱ्यांनी आधी तक्रार केली; आता त्यांच्यातल्या कुणाचं पोर खोकलं की भांडं घेऊन येतात. पहिल्या रविवारी गोळीच्या कागदावरचं मी तिला वाचून दाखवलं: नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच तो कागद लिहिला होता.

"हाडाचं औशिद, आन् नुसत्या पान्यावर? पान्यात काय असतंय?"

आमच्या भागात हे असंच आहे. आजारी माणसाला दूध, पाहुण्याला दूध, निदान दुधाचा चहा. कुणापुढं नुसतं पाणी ठेवलं तर घरात काही नाही याची ती कबुली. त्यात हाडं म्हणजे दूध, हे तर शाळेच्या तक्त्यावरही लिहिलेलं. तेव्हा दर रविवारी पहाटे ती शेळी पिळायची, दूध कोमट करायची, आणि मी उपाशीपोटी त्या दुधाबरोबर गोळी घ्यायचो. दूध गोड असायचं, आई समोर बसलेली असायची, आणि मला वाटायचं, आता हाडांची काय बिशाद. शाळेत विज्ञान शिकवतो मी, हेही सांगून ठेवतो.

दुसऱ्या तपासणीत हाडांची घनता आणखी उतरली.

बाई बुचकळ्यात पडल्या. "गोळी चुकते का, सर?" मी नाही म्हटलं. आई शेजारच्याच खुर्चीत होती. ती ताठ होऊन म्हणाली, "चुकतीय कशी? मी सोता देती. शेळीच्या दुदासंगं, दर ऐतवारी."

बाईंचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून ठेवतं, आणि गोळी पोटातून रक्तात जातच नाही. आत येते तशी बाहेर जाते. "दूध चांगलंच आहे, आजी. रोज द्या. फक्त गोळीबरोबर नको. सकाळी उठल्यावर भरपूर साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. बाकी सगळं त्यानंतर."

"म्हंजी समद्या गोळ्या वाया गेल्या?" आईनं विचारलं.

बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "चालणं किती?" मी अभिमानानं सांगितलं, "जपून असतो. बसूनच." त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बसून हाडं जपली जात नाहीत, उलट झिजतात. हाडाला वजन पेलायला लावलं तरच ते स्वतःला बांधतं. पडायचं नाही हे खरं, पण उभं राहायचं, चालायचं, जिने चढायचे.

आणि काय सांगू, त्या खोलीत, इतका वाईट रिपोर्ट समोर असताना माझ्या अंगातून वीज गेली. उभं राहायचं! वजन पेलायचं! मी विचारलंच, "आणि नाचलं तर?" त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. वर्षभर नीट करा, पुढच्या तपासणीत बघू." पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझ्या कानांत ढोल सुरू झाला होता.

रात्री जेवताना आई म्हणाली, "शेळी गावाला धाडून दे." मी भडकलो. शेळीचा काय गुन्हा, तिनं काय डॉक्टरकीचं दुकान मांडलंय? ती म्हणाली, "माज्या हातानं झालं ते." मी समजावलं, बायकोनं समजावलं. शेळी राहिली, पण आईनं माझ्या औषधाला पुन्हा हात लावला नाही. प्यायला साधा पाण्याचा ग्लास मागितला तरी ती सुनेला हाक मारायची. गोळी वाया गेल्याचं मला तितकं लागलं नाही, जितकं हे लागलं.

मी मात्र कामाला लागलो होतो. रविवारी गोळी घेतली की आडवं व्हायचं नाही, घरात बसलो तर चहाचा वास छळणार, म्हणून मी शेळीला दाव्यानं घेऊन मैदानाकडं निघायचो. पुढं ती, मागं मी. सुटाबुटातली माणसं कुत्री फिरवत असायची, ती आम्हाला वाट द्यायची. बायकोची एकच अट, दावं हाताला गुंडाळायचं नाही. शेळीनं हिसका दिला तर पडाल. बायकोनं न्हाणीघरासमोरचं घसरतं पायपुसणं फेकून दिलं, दारात दिवा लावला. हळूहळू रविवारचं चालणं रोजचं झालं. वर्गातली खुर्ची मी मुलांना परत केली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं, हे सगळं मी करायचो आणि करताना तोंडानं ढोल वाजवायचो. दादाचं आपलं निराळंच, "ज्या गोळ्यांनी हाडं खाल्ली त्याच सोड की." त्याला सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले की स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी सोडता येत नाहीत, शरीर स्वतःचं ते रसायन करायचं विसरलेलं असतं, जीवावर बेतू शकतं. बाईंनी त्या आपल्या हिशेबानं हळूहळू कमी करत आणल्या.

आणि मग ती तपासणी, ज्यात माझे पाय गप्प बसेनात.

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "घनता खाली गेलेली नाही. कमरेत तर थोडी वर आलीय." मी खुर्चीवरून उठलो, हात न टेकता. त्यांनी बसवलं आणि अटी घातल्या. संथ पावलं चालतील. उड्या नाहीत, कमरेतून वाकून गिरकी नाही, ढोल चढला की रिंगणाबाहेर. मी शब्द दिला. दवाखान्याच्या जिन्यातूनच दादाला फोन लावला, "उतरतोय." मग तो म्हणाला, "रुमाल धुवून ठिवतो."

जत्रेच्या दिवशी भंडाऱ्यानं सगळी माणसं पिवळी झाली होती. मी दादाच्या डाव्या हाताला उभा राहिलो. जागा तशीच होती, तितकीच रुंद. पहिली थाप पडली, पाऊल पडलं, आणि पाऊल चुकलं नाही. रुमाल वर गेला, खाली आला. दादाचे गुडघे कुरकुरत होते, माझी हाडं जमिनीवर वाजत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता हसत होतो. मला इतका आनंद झाला होता की रडू आवरेना. पारावरचा तोच माणूस ओरडला, "मास्तर, आज कुटं बसून आला?" आज मला त्याचाही राग आला नाही.

मग ढोल चढायला लागला. पाय म्हणत होते, राहा. मी शब्द दिला होता. दादानं रुमालानंच मला बाहेरची वाट दाखवली आणि स्वतः माझी जागा मोकळी ठेवून नाचत राहिला. मी रिंगणाबाहेर आलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती.

बायकांच्या घोळक्यातून आई पुढं आली. तिच्या हातात तांब्या होता. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"पानी हाय," ती म्हणाली. "नुसतं."

मी ते उभ्या उभ्या सगळं प्यालो.