उगमाशेजारची बोअर

शहरातल्या सात रस्ता चौकात आज कोणी बोअर मारत होते. ओल्या दगडी भुकटीचा वास आला आणि मला गावाकडच्या माळावरचा ओढ्याचा उगम आठवला. चुलतभाऊ मल्लप्पाने माझा बांध कोरला होता; त्याचे शेत वाळावे म्हणून मी उगमाशेजारीच बोअर मारली. त्याच ओढ्यावर खालची गुरे, पाखरे, सारी वस्ती जगते, हे मी जाणून होतो. ओढा आटला, तेव्हा डबक्यातली मासळी घागरीत घेऊन मल्लप्पा वर माझ्या बोअरच्या हौदापाशी आला.

"आण्णा, तुज्या हौदात सोडू का? भांडण आपलं हाय की, ह्यांनी काय केलंय?"

त्याचा नरमलेला आवाज मला तेव्हा गोड लागला, याची आज शरम वाटते. मी "न्हाय" म्हणालो, आणि तो माळ उतरेपर्यंत हौद राखत उभा राहिलो.