सोवळ्या आणि हिरवा टॉवेल

माझा भाऊ जाऊन आज सतरा दिवस झाले. या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर एकशे चार जणांनी हात जोडलेत. मी मोजले. घरात दुसरं काय काम उरलंय. हे मी त्याच्याच फोनवरून लिहितेय, तेव्हा त्याचं नाव दिसलं म्हणून घाबरू नका, तो परत आलेला नाही. मी त्याची थोरली बहीण. दुकानात टॉवेल धुताना तुम्ही मला पाहिलंय, फक्त बघितलं नाहीये.

हेडमास्तरांनी तर मोठा मजकूरच टाकलाय. शाळेतून रिटायर झाले, पण शाळा काही त्यांच्यातून रिटायर होईना. त्यात एक वाक्य आहे. "एकदा त्यांच्या हातून निष्काळजीपणा घडला, तरीही माणूस मनाने निर्मळ होता." रविवारी शोकसभेत हेच वाचणार आणि मग फोटोखाली फ्रेम करून लावणार म्हणे. सगळ्यांनी अंगठे वर केले. छान.

त्या "तरीही"साठी हे सगळं लिहितेय. ते वाक्य फोटोखाली लागायला नको. बास, एवढंच काम आहे माझं.

तर आमचा हा आधी माणसांचे केस कापायचा. बाजारातल्या सलूनमध्ये सात वर्षं होता. मालक सकाळी एक टॉवेल काढायचा आणि तोच संध्याकाळपर्यंत वीस माना पुसायचा. हा म्हणाला, निदान कंगवा तरी धुवा. मालक म्हणाला, तू केस कापायला आलायस की शिकवायला? मग याने सोडलं आणि कुत्र्यांना न्हाऊ घालायला लागला. मी म्हटलं, "अरे, माणसं सोडून कुत्री?" म्हणाला, "ताई, माणूस खाज लपवतो. कुत्रं बिचारं सगळ्यांसमोर खाजवतं."

शिंप्याच्या आणि चावीवाल्याच्या मधली ती खोली. दोन टब, एक टेबल, वारा मारायचं मशीन, आणि भिंतीवर खिळेच खिळे. प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. पिशवीवर कुत्र्याचं नाव, आत त्याची फणी, त्याचा ब्रश, त्याचा टॉवेल. एकाची फणी दुसऱ्याला लावली तर याला तिथेच भोवळ आली असती. कात्री आणि केस काढायचं मशीन तेवढं एकच, ते प्रत्येक कुत्र्यानंतर औषधाच्या पाण्यात. टेबल त्याच पाण्याने पुसायचं आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. दहा म्हणजे दहा. बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, कुत्रं भुंकतंय, आणि हा खुर्चीत हाताची घडी घालून टेबल वाळायची वाट बघतोय.

"काय रे, सोवळं पाळतोस काय कुत्र्यांचं?" असं पहिल्यांदा शिंपी म्हणाला. तेव्हापासून हा सोवळ्या. पुढे तर चिठ्ठीवर सुद्धा लोक लिहायला लागले, सोवळ्याकडे नेणे.

आणि दारातली तपासणी! विमानतळावर करत नसतील अशी. कुत्रं उंबऱ्यावर थांबवायचं, कान उलटे करायचे, बोटांच्या मधे बघायचं, पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी. केस गेलेला गोल चट्टा दिसला, कडेने कोंडा दिसला, की हात वर.

"आधी डॉक्टर, मग आंघोळ."

बँकेतल्या मॅडम एकदा चिडल्या होत्या. "अहो, पिसवा चावल्यात नुसत्या!"

"असतील मॅडम. पिसवाही असतील, ॲलर्जीही असेल. सगळंच काही पसरत नाही. पण ते तुम्ही ठरवायचं नाही नि मीही ठरवायचं नाही. डॉक्टर केस काढून तपासतील."

"तुम्हाला गिऱ्हाईक नकोय का?"

"हवंय ना. उरलेली पण हवीत."

एकाने खरुजेवर जळकं ऑईल चोपडून कुत्रं आणलं होतं. गाडीचं इंजिन समजला बहुतेक. कुत्रं ते चाटून ओकत होतं. त्या दिवशी मात्र सोवळ्याचा आवाज चावीवाल्यापर्यंत गेला.

मालक गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. मालक म्हणजे माझे. मला कुत्र्यांचं काही प्रेम नाही, आजही नाही, उगाच खोटं का बोलू. पण बसून खायची सवय नाही म्हणून टॉवेल धुवायचे घेतले. गरम पाणी, साबण, औषध, आणि उन्हात. रोज म्हणायचे, काय हा वेडेपणा.

दोन वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दवाखान्यात. दोन दिवसांच्या वेळा लोकांना आधीच दिलेल्या होत्या. म्हणाला, "सगळ्यांना फोन करून नाही सांग." मी म्हटलं, "मी घालते आंघोळ, त्यात काय शास्त्र आहे?" त्याने खाटेवरूनच बोट वर केलं. "कान उलटून बघायचे. पिशवी ज्याची त्यालाच."

"हो रे बाबा."

पहिला दिवस नीट गेला. संध्याकाळी मी टॉवेल धुतले आणि आळसाने आत दोरीवरच टाकले. सकाळी सगळे ओलेगच्च. एकच कोरडा होता, मोठा हिरवा, घरचा. सहा कुत्री यायची होती. मी म्हटलं, कुत्र्यांना काय कळतंय.

त्या सहांमध्ये हेडमास्तरांचं काळं कुत्रं पहिलं आलं. कान मी उलटले नाहीत. ते कुत्रं गुरगुरत होतं आणि हेडमास्तर मागे उभे राहून "लवकर, लवकर" करत होते. त्यांची लेक आणि जावई यायचे होते त्या दिवशी. पुसताना टॉवेलवर काळं आलं. मी म्हटलं, शाळामास्तरचं कुत्रं आणि एवढं मळकं? पुढची पाच मी त्याच हिरव्या टॉवेलने पुसली. एकाची मळकी बाजू, दुसऱ्याची कोरडी बाजू, अशी हुशारी पण केली.

तीन आठवड्यांत पाच कुत्र्यांना गोल गोल चट्टे. गजकर्ण. बँकेतल्या मॅडमच्या नातीच्या मानेवर पण आलं, कुत्र्याला मिठी मारून झोपायची ती. मग या ग्रुपवर काय काय आलं ते वर सरकवून वाचा, मी कशाला परत लिहू. "सोवळं फक्त नावाला." हे एकाने लिहिलं आणि त्याला बेचाळीस हसरे चेहरे आले. तेच बेचाळीस जण आता हात जोडतायत.

सोवळ्याला दवाखान्यातून येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते, वाकता येत नव्हतं. दुकानात आला, खुर्चीत बसला, मला समोर बसवलं.

"ताई, टॉवेल वेगळे वापरलेस ना?"

"म्हणजे काय! ज्याचा त्याचा."

"कान बघितलेस?"

"बघितले."

"बरं," म्हणून उठला. दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी मलमाची ट्यूब ठेवलेली. म्हणाला, "डाव्या हाताला दोन वेळा लाव. बरं झालं वाटलं तरी थांबायचं नाही. आणि माझा टॉवेल घेऊ नकोस." मी पदर ओढून घेतला हातावर. माझ्या कोपराखाली नाण्याएवढं गोल आलं होतं, मला वाटलं होतं घामोळं. मी टॉवेल घेऊन कुत्री पुसली, मला आलं, एवढं सरळ होतं ते. तरी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मीही नाही. भाऊबहीण आम्ही, एकापेक्षा एक.

त्याच आठवड्यात हेडमास्तर आले. मी पडद्यामागे डाळ निवडत होते. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"आमच्या कुत्र्याच्या कानामागे आधीपासून होतं जरासं. तुम्ही घेतलं नसतं आत. पाहुणे यायचे होते... म्हणून मी जरासा कलप लावला."

"कशाचा कलप?"

"मिशीचा."

 मग सोवळ्या म्हणाला, "कलपाने त्याचं कातडं भाजलं असतं मास्तर. आजच डॉक्टरकडे न्या."

"कोणाला बोलणार नाही ना तुम्ही? माझी सगळी लाज..."

"नाही बोलणार. जा."

त्याच संध्याकाळी याने ग्रुपवर लिहिलं. "माझ्या दुकानातून गेलं. सगळ्यांनी कुत्री डॉक्टरला दाखवा. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, घरातले केस रोज झाडून पिशवीत बांधून टाका. बरं होईपर्यंत एकाचं कुत्रं दुसऱ्याजवळ नेऊ नका." त्यात निष्काळजी कोण हे कुठे लिहिलंय? पण लोकांनी वाचलं बरोबर. वाचता येतं ना सगळ्यांना.

मी भांडले. म्हटलं, "त्या कलपवाल्याचं नाव घे!" माझं घे म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्याचं घे म्हटलं.

म्हणाला, "आज मास्तरांना चव्हाट्यावर आणलं, तर उद्या दुसरा कोणीतरी चट्टा लपवेल. लपवलं की पसरतं. मला कुत्री बरी करायचीत, कोर्ट नाही भरवायचं."

दीड महिना दुकान बंद. भिंतीला हात पोचेल तिथपर्यंत धुतलं. सगळ्या पिशव्या, फण्या, टॉवेल जाळले. आठवड्यातून दोनदा त्या सहा घरी जाऊन, पोटाला पट्टा बांधून, औषधी शाम्पूने आंघोळ. फेस लावून दहा मिनिटं थांबायचं. आता ती दहा मिनिटं कुत्र्याचे मालक तोंड फिरवून उभे राहायचे, चहाचं सुद्धा विचारायचे नाहीत. केस परत आले की लोक म्हणायचे, झालं बरं, आता नका येऊ. हा जायचाच. डॉक्टरांनी दोनदा तपासून काही नाही म्हणेपर्यंत. सहाच्या सहा बरी झाली. नात बरी झाली. माझा हात बरा झाला, आधी सगळ्यांच्या.

आणि गिऱ्हाईक? ते गेलं चौकातल्या काचेच्या दुकानात. तिथे गाणी लावतात, कुत्र्याला बो बांधतात. मी एकदा बाहेरून बघितलं. एकच गुलाबी फणी, सकाळपासून सगळ्यांना. पण काचा काय चकाचक! याच्याकडे उरली अकरा कुत्री. अकरा पिशव्या नवीन शिवल्या त्याने.

गेल्या महिन्यात फुफ्फुसात पाणी झालं. अकराव्या दिवशी गेला. त्याआधी दोन दिवस बरा बोलत होता. मी खाटेपाशी बसून म्हटलं, "अरे, तो हिरवा टॉवेल..."

"माहितीये गं. तुझ्या हातावर आलं तेव्हाच."

"मग का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू परत दुकानात पाय ठेवला असतास का? मग टॉवेल कोणी धुतले असते?" आणि हसला, आणि खोकला. मी रडायला लागले तर म्हणाला, "नर्स बघतेय, डोळे पूस. माझ्या चादरीला नको."

तर हे असं आहे. टॉवेल मी वापरला. कान मी उलटले नाहीत. खोटं मी बोलले. चट्टा हेडमास्तरांनी लपवला. सोवळ्या तेव्हा पोट शिवून दवाखान्यात पडला होता, त्याला निष्काळजी व्हायला वेळच मिळाला नाही. तो असता तर मला हे लिहू दिलं नसतं. पण तो नाही, आणि ती फ्रेम त्याच्या फोटोखाली लागणार आहे, माझ्या नाही.

पाठवायच्या आधी मी आज सकाळी हेडमास्तरांना फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. उगाच पाठीमागून बोलल्यासारखं नको. ते ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "आता कशाला, गेला तो." मी म्हटलं, "तो गेलाय, वाक्य राहिलंय."  शेवटी म्हणाले, "ते वाक्य काढतो मी. रविवारी खरं काय ते उभा राहून सांगतो. फक्त ताई... ते मिशीचं तेवढं काढा."

मी म्हटलं, "बरं, काढते."

काढलेलं नाही, बघताच आहात.