इंगळेबाईंचे मावळातले दौरे

आमच्या संस्थेत अहवाल लिहायचा म्हटला की सगळ्यांना एकदम सर्दी होते. किस्से मात्र न बोलावता येतात आणि मुक्कामालाच राहतात! वडगाव मावळला आमची छोटीशी संस्था आहे, बायकांच्या हक्कांवर काम करते. नॉर्वे आणि केनिया इथल्या दोन महिला संस्था आमच्या भागीदार. त्यांच्याकडची माणसं दौऱ्यावर आली की दुभाषाचं काम माझ्याकडे. इकडचं बोलणं तिकडे पोचवायचं, तिकडचं इकडे आणायचं. या ने-आणीत जे वाटेत सांडतं, ते मी गोळा करून ठेवते.

*

नॉर्वेच्या बाईंचं नाव इंगर. पहिल्याच दौऱ्यात लोहगडवाडीच्या बायकांनी त्यांचं 'इंगळेबाई' करून टाकलं. इंगरनीही ते आनंदाने घेतलं. आता फोनवरसुद्धा, "मी इंगळेबाई बोलते," असं सुरुवातीचं मराठी वाक्य असतं, पुढचं सगळं इंग्रजी!

त्या लोहगडवाडीत मी पहिल्यांदा 'स्त्री-पुरुष समानता' समजावून सांगत होते. गडावर येणाऱ्या पोरांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल लावणाऱ्या सुशीलामावशी समोर बसल्या होत्या. पीठ मळता मळता त्यांनी विचारलं, "समान म्हंजे कसं ओ म्याडम? त्यांनी बी भाकरी थापायच्या, का आमी बी थापायच्या न्हाईत?"

मी इंग्रजीत सांगितलं. इंगरनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या घरीही हाच वाद चालू आहे!"

*

सक्षमीकरण या शब्दाचं तर मी नाव घेणंच सोडलंय. एका बैठकीत तासभर मी तो शब्द वापरला. शेवटी मागून एक आजी उठल्या. "ते सक्षमीकरण कुटं मिळतंय? वडगावला, का पुण्याला जावं लागंल?"

*

एकदा इंगर नवऱ्याला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आल्या. दिवसभर त्या बैठका घ्यायच्या आणि लार्स, म्हणजे त्यांचे यजमान, मुलीला छातीशी झोळीत बांधून मळवलीच्या भातखाचरांच्या बांधावरून फिरायचे. बाळ रडलं की बाटली, हसलं की गाणं.

पारावर बसणारे आबा दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "पोरी, पाव्हन्याची नोकरी गेली का काय?"

"नाही आबा. सुट्टी आहे त्यांना. बाळ सांभाळायला त्यांच्याकडे बापालाही सुट्टी मिळते. पगारी."

"पगारी?"

"हो, पगारी."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली. "आरं तिच्या! आमची तर सगळी पोरं फुकटातच मोठी झाली की!"

पलीकडून त्यांची बायको म्हणाली, "तुमी केली व्हय मोठी?"

*

पवनेकडच्या एका गावात ग्रामपंचायतीत गेलो होतो. सरपंच रेखाताई. पण खुर्चीत त्यांचे यजमान! हार, नारळ, सत्कार, सगळं त्यांनीच स्वीकारलं. इंगरनी विचारलं, "सरपंच कुठे आहेत?"

यजमान हसले. "सरपंच म्हणजे आमच्या मिसेस. पण कसंय, पाहुण्यांसमोर ती लाजते. म्हणून आपलं मीच बघतो."

तेवढ्यात रेखाताई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. चेहरा शांत. "लाजत न्हाई मी," त्या म्हणाल्या, "खुर्ची मोकळी न्हाई!"

हे वाक्य मी भाषांतर करायच्या आधीच यजमान उठले होते. आणि चहाचा ट्रे कोणीतरी धरायलाच हवा होता. तो त्यांनीच धरला!

*

केनियाच्या ग्रेस पहिल्यांदा आल्या तेव्हा मळवलीच्या बायका जरा बिचकल्या होत्या. एवढ्या लांबच्या बाईशी बोलायचं काय? ग्रेसनी कुठलंच भाषण केलं नाही. आपलीच गोष्ट सांगितली. नवरा अचानक गेला. तेराव्यासारखा त्यांच्याकडचा विधी झाला आणि दुसऱ्या आठवड्यात दिराने शेताला कुंपण घातलं. म्हणाला, तू परक्या घरची. कोर्टात भांडून त्यांनी ते शेत परत मिळवलं. तोवर त्यांची मुलगी मोठी होऊन कॉलेजला गेली होती.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. बायका श्वास रोखून ऐकत होत्या. गोष्ट संपली. मग पुढ्यात बसलेल्या पारूमावशींनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "म्हंजे दीर तिकडं बी हाईत व्हय?"

*

गेल्या वर्षी लोणावळ्याला शिबिर होतं. इंगर आणि ग्रेस दोघी आल्या होत्या. पहिला खेळ साधा होता: प्रत्येकीने उठून आपलं नाव सांगायचं.

पहिलीच बाई म्हणाली, "कुठलं सांगू? माहेरचं का सासरचं?"

इंगरना वाटलं, आडनावाबद्दल चाललंय. मग मी समजावलं, आमच्याकडे लग्नात बाईचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात नवं नाव लिहायचं. ग्रेसनी सुचवलं, "मग आज माहेरचंच सांगा."

त्या शिबिरात मळवलीच्या दोघी जावा होत्या. थोरल्या शांताबाई आणि धाकट्या विमलबाई. घराची वाटणी झाल्यापासून दोघींत अबोला. एकाच जीपमधून आल्या, पण एक पुढे, एक मागे. हॉलमध्येही एक या भिंतीला, एक त्या भिंतीला.

शांताबाईंची पाळी आली. उठल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "लय वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "आई गेली, तवापास्नं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. भाऊ तर अक्काच म्हनतो."

इंगरनी विचारलं, "नाव बदलताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"इचारायचं कशाला? तांदूळ त्यांचा व्हता!"

सगळ्या हसल्या. शांताबाई नाही हसल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "यमुना."

समोरच्या भिंतीकडून आवाज आला, "काय म्हनली?"

विमलबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत थोरलीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"यमुना," शांताबाई परत म्हणाल्या.

विमलबाई भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या. "माजं बी यमुनाच."

इंगर माझ्या कानाशी विचारत होत्या, काय झालं, काय म्हणाल्या? ग्रेसनी त्यांचा हात दाबला. मला त्या वेळी इंग्रजीचा एक शब्द आठवेना.

संध्याकाळी जीप निघायची वेळ झाली. शांताबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"यमे," त्यांनी हाक मारली, "चल, बस हितं."

"आले गं यमे," विमलबाई म्हणाल्या.