येळवशीच्या बांधावरचा केक

आधी आमच्या घरमालकीण मावशींचं सांगते, मग काय झालं ते. कारण जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं, आणि जेवढं सावरलं तेवढं मावशींनी सावरलं. येरमाळ्यात हायवेपासून जरा आत त्यांचं घर आहे. त्याच्या मागच्या अंगाला आमची खोली. माझा नवरा पवनचक्क्यांच्या क्रेनवर कामाला आहे, क्रेन जाईल तिकडं आम्ही. असं करत प्रवरेकाठचं आमचं गाव कुठल्या कुठं राहिलं आणि आम्ही इथं येऊन पडलो.

इथला पहिला नाताळ गेला तो आला तसा गेला. नवऱ्याला सुट्टी नाही, मला गाव नवीन, दुकानातून एक पुड्यातला केक आणला, प्रार्थना केली आणि झालं. पुढं शाळेत बाईंनी मुलांना घरचे सण विचारले, तर माझी लेक सांगून आली की आमच्यात सण नसतो. सहा वर्षांची पोर. ती रडत आली असती तर मला इतकं लागलं नसतं. तिनं ते दप्तर काढता काढता सांगितलं, आज डबा उरला म्हणून सांगावं तसं.

तेव्हाच मी ठरवलं, पुढचा नाताळ हिला दाखवायचाच. आमच्या गावाकडचा, सगळाच्या सगळा.

सगळा म्हणजे तीन गोष्टी. एक सिनेमा, एक पुस्तक आणि रव्याचा केक.

सिनेमा आमच्या चर्चच्या अंगणात दाखवायचे. लिंबाला पांढरी चादर बांधलेली, आणि दरवर्षी तोच सिनेमा. गावात त्याला नाव होतं ‘मेंढपाळांचा सिनेमा’. त्यातले मेंढपाळ बातम्या दिल्यासारखं मराठी बोलायचे. मधे एका जागी रीळ अडकायचं, तेवढ्यात आम्ही पोरं पुढचं वाक्य ओरडून म्हणायचो, मग आवाज यायचा आणि सगळं अंगण हसायचं. तो सिनेमा मी मोबाइलवर शोधशोध शोधला. नाही सापडला. जे सापडले ते हिंदीतले, नाहीतर इंग्रजीतले, बर्फातले, आणि सुरू केला की मधे गोल चक्कर फिरत बसायचं. लेक म्हणायची, "आई, ह्यात नुसतं गोलच आहे का?"

पुस्तक तेवढं माझ्याजवळ होतं. वडील नाताळच्या आठवड्यात त्यातून वाचून दाखवायचे. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी पडलेली. त्यात एक गोष्ट आहे, चांदणीचा आकाशकंदील करणाऱ्या मुलीची. वारा येतो, कंदिलाचा कागद फाडून नेतो, नुसत्या कामट्या राहतात. ती तशाच दारावर टांगते आणि त्या कामट्यांतून खरं चांदणं दिसतं. वडील हे वाचायचे तेव्हा मला अंगावर वारा आल्यासारखं व्हायचं. मी वाचते तेव्हा काही येत नाही. आठवीतून शाळा सुटली माझी, आई आजारी, धाकटी भावंडं, कोण पाठवणार. वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. लेक आता पहिलीत आहे आणि माझ्या आधी पुढचा शब्द ओळखते. ओळखते ते ठीक आहे, पण सुस्कारा टाकते. त्या सुस्काऱ्याचा मला राग यायचा, आणि राग आला म्हणून आणखी अडायचं.

राहिला केक. तो तरी माझ्या हातातला होता. आमच्याकडं नाताळच्या आधी घरोघर रवा, साखर, तूप, अंडी फेटून डबे भरतात आणि गावातल्या बेकरीच्या भट्टीवर नेतात. प्रत्येक डब्यावर चमच्यानं आपापली खूण ओढायची, म्हणजे भाजून आल्यावर अदलाबदल होत नाही. इथल्या बेकरीवाल्यालाही मी विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "दिवाळीला नानकटाई भाजून देतोच की. पर चोवीस तारखेला मला क्रीमच्या केकच्या ऑर्डरी असतेत. तुमी आधी आणा, सकाळी, भट्टी गरम असती तवा." मी म्हणाले, शुक्रवारी आणते. तो गिऱ्हाईक बघता बघता व्हय म्हणाला.

शुक्रवारी येळवस होती.

हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी तेच, येळवस आली, येळवस आली. मावशी तर मला म्हणाल्याही होत्या, "येळवशीला रानात चला आमच्यासंगं." मी बघू म्हणाले. मला वाटलं, वेळा अमावस्या आहे, पूजाबिजा असेल, नैवेद्य असेल. आदल्या वर्षी त्या दिवशी मला ताप होता, मी दार लावून झोपले होते. या भागात येळवस म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण इथं ते कुणाला सांगावं लागत नाही.

मी पहाटे उठून रवा भिजवला. अंडी फेटली. दोन मोठे डबे भरले, वर चमच्यानं चांदणी काढली. नवरा कामाला गेला. लेकीला घेतलं, एक डबा तिच्या हातात, एक माझ्या, आणि निघालो. रस्त्यावर एक माणूस नाही. बेकरीचं शटर खाली. शेजारचं किराणा बंद. मोबाइलचं बंद. चहावाला बंद. हायवेवर ट्रक तेवढे चालले होते आणि कुत्री रस्त्याच्या मधोमध आरामात बसली होती. मला आधी वाटलं काहीतरी वाईट झालं, कुणीतरी गेलं. माझं मन नेहमी तिकडंच जातं. एक म्हातारा टोपलं घेऊन घाईनं चालला होता, त्याला विचारलं, तर तो माझ्याकडं बघतच राहिला.

"अवं येळवस हाय न्हवं! गावात कोन ऱ्हातंय आज? समदी रानात."

घरी भाजावं म्हटलं तर सिलिंडर रात्रीच संपलेला, आणि सिलिंडरवाल्याचंही शटर खाली. डब्यातलं पीठ फुगायला लागलेलं. लेक म्हणाली, "आई, राहू दे. आपल्याला नकोच." तिचं ते ‘राहू दे’ ऐकून मला तिथंच रस्त्यावर डबे आपटावेसे वाटले.

परत आले तर मावशी फाटकाला कुलूप लावत होत्या. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी, आत टोपली, मडकी, घरची माणसं. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी विचारलं.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. ट्रॉलीतून त्यांची धाकटी जाऊ खदखदून हसली. "बेकरी? येळवशीला? ह्यास्नी कुनी सांगितलंच न्हाय का गं?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, बोटानं हलवलं. "चूल लागतीय न्हवं? रानात चुलीच चुली हायत. चढा वर."

मी म्हणाले, "मावशी, ह्यात अंडी आहेत."

ट्रॉलीत सगळे माझ्या डब्यांकडं बघायला लागले. मार्गशीर्षातली अमावस्या, रानातल्या लक्ष्मीची पूजा, आणि मी अंड्याचे डबे घेऊन उभी. जाऊबाई म्हणाल्या, "अक्का, आज अंडी? लक्ष्मी काय म्हनंल?"

"लक्ष्मीला काय म्हनायचं ते मला म्हनंल," मावशी म्हणाल्या. "बांधापलीकडं येगळी चूल मांडू. चढ गं पोरी, फसफसाय लागलंय तुजं."

रानात गेल्यावर मला कळलं गाव कुठं गेलं होतं ते. जिकडं बघावं तिकडं धूर आणि माणसं. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पुढं बेसनात शिजवलेली मिसळीची भाजी, तिला इथं भज्जी म्हणतात, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, तिळाच्या पोळ्या. लेक उतरली तशी तिथल्या पोरांत पळून गेली. मावशी मला घेऊन बांध ओलांडून पलीकडं गेल्या. तीन दगड मांडले. मोठ्या पातेल्यात ओढ्याची वाळू घातली, वाळूत डबे बसवले, वर परात पालथी घातली आणि परातीवर निखारे. मी तुराट्यांची मोळी ओढून आणली तर त्या ओरडल्या.

"तुराट्याचा जाळ भडकतोय अन् ईझतोय. तुज्या केकाला शेणी पायजे. भाकरी करतीस का न्हाय कदी?"

मग शेणी, म्हणजे आमच्याकडच्या गोवऱ्या, घालून आम्ही दोघी त्या चुलीपुढं बसलो. पलीकडं सगळे जमलेले, हसण्याचे आवाज येत होते, आणि मला दर मिनिटाला परात उचलून बघावीशी वाटत होती. मावशी माझ्या हातावर मारत होत्या. थोड्या वेळानं लेक आली, पाणी प्यायला. तिनं माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं. ते तिनंच घातलं होतं, मला ठाऊकही नव्हतं. मावशींनी विचारलं, "काय हाय ते?"

"नाताळची गोष्ट. पण आई वाचायला अडते."

मला त्या शेणीच्या धुरात तोंड लपवावंसं वाटलं.

"मग अडू दे की," मावशी म्हणाल्या. "मला तर वाचायचंच येत न्हाय. गोष्ट काय कुठं यष्टी पकडाय चाललीय व्हय? वाच."

मी वाचलं. अडले, पुन्हा सुरू केलं. लेकीनं एकदाच सुस्कारा टाकला, तर मावशींनी तिला गुडघ्यानं ढोसलं. कंदिलाचा कागद उडून जातो तिथं मावशी म्हणाल्या, "अगं बया." एवढंच. पण त्या ‘अगं बया’नंतर लेक माझ्याजवळ सरकून बसली आणि पुढचं पान तिनंच उलटलं.

तेवढ्यात पलीकडून हाळी उठली, चांगभलं. सगळे उठले होते. आंबिलीचा गडू घेऊन ज्वारीतून फेरी निघाली. पुढं जाऊबाई, गडूतली आंबील पिकावर शिंपडत, मागून बाकीचे. मावशी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि बांधाच्या अलीकडूनच हात जोडले.

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही नाही जायचं?"

"माज्या हाताला अंडं लागलंय न्हवं का मगाशी. आज न्हाय शिवायचं मी."

"मग मला सांगायचं नाही? मी बसले असते इथं एकटी."

"तू? तू धा बारा येळा परात उचलली असती. बस खाली. फेरी काय, वरसाला येतीच."

त्या हे हसून म्हणाल्या, पण फेरी पार टोकाला जाईपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.

संध्याकाळी भांडी आवरताना जाऊबाईंनी मला ऐकवलं. "तुमच्या केकानं मला ह्या साली मान मिळाला बघा. लगीन होऊन आल्यापसनं अक्कानं त्यो गडू कुनाच्या हातात दिला न्हवता." त्या टोमणा मारत होत्या की खूश होत्या, मला कळलं नाही. मला इतकंच कळलं की मी भांडी घासत राहिले आणि माझ्या डोळ्यांत धूर नसताना पाणी होतं.

बरं, एवढं करून केक तरी चांगला व्हावा. एक डबा खालून कोळसा. दुसरा वरून सोन्यासारखा आणि मधे खचलेला, आत कच्चा. मी चिडून तो सगळाच म्हशीला घालायला निघाले होते. मावशींनी सुरी मागितली, करपलेलं खरवडलं, कच्चं काढून टाकलं, आणि उरलेल्याचे तुकडे कापून डब्यात भरून दिले. आमच्याकडं नाताळला ताटात केक, करंज्या, चिवडा मांडून वर विणलेला रुमाल टाकून घरोघर देतात. त्या तुकड्यांनी चार घरांची ताटं कशीबशी भरली असती. मी बारा घरांचं ठरवलं होतं.

पंचवीस तारखेला नवरा सकाळीच गेला. त्या दिवशीही सिनेमानं छळलंच. मी लेकीला शेवटी तोंडानंच सांगायला बसले, मेंढपाळ असे येतात, मग रीळ अडकतं, मग आम्ही ओरडतो. ती म्हणाली, "मधलं काय होतं?" मधलं मला आठवेना. कितीदा पाहिलेला सिनेमा, आणि मला तो अडकलेल्या जागेवरच तेवढा आठवतोय. असा वैताग आला.

ती उठली. मी मांडून ठेवलेलं पहिलं ताट तिनं उचललं, रुमाल सारखा केला आणि मावशींच्या दारात गेली. मी मागून गेले, सांडेल म्हणून. ती आत ओरडून म्हणाली, "आज्जी, आज आमचा सण आहे!"

मावशी बाहेर आल्या. अमावस्या सरली होती. त्यांनी उभ्या उभ्या एक तुकडा तोंडात टाकला, चावला, विचार केला.

"शेणीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "पर ग्वाड हाय." आणि दुसरा उचलला.

लेक दुसरं ताट न्यायला पळत परत गेली.

मी तिथंच उभी होते. आभार कसे मानायचे मला सुचत नाही, मी मानायला गेले की मावशी म्हणतात, "जा गं, दूध उतू चाललंय तुजं." म्हणून इथं लिहून ठेवते. आमची क्रेन इथून कधी हलेल, सांगता येत नाही, उद्याही हलेल. पण कुठंही असले तरी एका येळवशीला मी इथं येणार आहे. भज्जी, उंडे, आंबील सगळं शिकून येणार. जाऊबाई मला त्या चुलीला हात लावू देतील की नाही, ही काळजी आत्तापासून आहेच. नाही लावू दिला तर पाणी आणीन, शेणी फोडीन, भांडी घाशीन. पण त्या दिवशी मावशींच्या वाट्याचं सगळं काम मी करीन, आणि फेरीला पुढं गडू घेऊन मावशीच चालतील.