भुऱ्याला चालवणारा म्हातारा

साठ सालच्या सुमारास मी फुलसावंगीला शाळेत मास्तर होतो. रोज सकाळी नाल्यावर बंजाऱ्यांच्या तांड्यातला एक म्हातारा भेटायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सोबत वासराएवढा कुत्रा असायचा, भुऱ्या. रानडुकरानं त्याची पाठ मोडली होती. नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कण्याचं ऑपरेशन करून जीव वाचवला, पण मागचे पाय लुळेच राहिले. "कायले हाल करता? सोडवा त्याले," असं तांड्यातले लोक म्हणायचे. म्हातारा मान डोलवायचा आणि कुत्र्याला उचलून नाल्याकडे निघायचा.

लुगड्याचा पट्टा भुऱ्याच्या पोटाखालून घेऊन तो त्याला पाण्यात उतरवायचा. पाण्यावर धुकं असायचं. त्या धुक्यात माणूस नि कुत्रा दोघंही जमिनीला न टेकता चालल्यासारखे दिसायचे. म्हातारा प्रत्येक वाक्य दोनदा बोले. "पानी वजन घेते, गुरुजी," असं मला वऱ्हाडीत सांगायचा, मग वाकून तेच भुऱ्याच्या कानाशी आपल्या बंजारा गोरबोलीत.

हिवाळा सरता सरता एका सकाळी दोघं काठ चढताना दिसले. भुऱ्या वाकडातिकडा, थांबत थांबत, पण चारी पायांवर येत होता. म्हातारा नेहमीसारखाच त्याच्यामागे ओणवा, मुठी आवळून चालला होता. जवळ गेल्यावर दिसलं, पट्टा त्याच्या खांद्यावर होता. मुठी रिकाम्या होत्या.

"अहो, तो आपला आपण चालतोय," मी म्हणालो.

मान न वळवता तो हळूच म्हणाला, "बोलू नोका, गुरुजी. त्याले अजून मालूम नाही."