तीन रविवारांच्या हरकती

दूरदेशीच्या कुठल्याशा लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मान आला होता, त्या काळात अमरावतीतील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला स्वतःचे उपासनामंदिर नव्हते. बाजाराच्या मागच्या अंगाला एका मुसलमान व्यापाऱ्याची वखार होती. हा गृहस्थ आमच्या धर्माचा नव्हता. तरी "खुदा का नाम लेते हो, बैठो," एवढेच बोलून त्याने वखारीचा पूर्वेकडचा भाग दर रविवारी सकाळी आम्हांस मोकळा करून दिला होता. पावसाळ्यात ती जागा खरोखरच मोकळी असे. कार्तिक उजाडला की मात्र रुईची पोती छताला टेकत आणि आम्ही पस्तीस-चाळीस माणसे उरलेल्या जागेत सतरंज्यांवर दाटीने बसत असू. वृद्ध मंडळी पोतीच पसंत करीत. उपदेश लांबला की त्या मऊ आसनावर त्यांचा डोळा लागे. पाद्रीसाहेबांना हे ठाऊक होते. ते आवाज चढवीत नसत, बोलता बोलता नुसते थांबत. शांतता पडली की निजलेला आपोआप जागा होई.

माझे बालपण कृष्णाकाठी पाठशाळेत गेले. पुढे पाद्रीसाहेबांना मराठी शिकवण्याच्या निमित्ताने मी वऱ्हाडात आलो. त्यांना शिकवता शिकवता शुभवर्तमान वाचू लागलो आणि तिसऱ्या वर्षी प्रभूच्या कृपेने माझा बाप्तिस्मा झाला. मंडळीने मला वडील, म्हणजे आपल्यातला एक पंच, नेमले, तरी लोक मला शास्त्रीबुवाच म्हणत राहिले. उपासनेच्या शेवटी येत्या आठवड्यातील कार्यक्रमांच्या सूचना वाचणे हे माझे काम होते. बुधवारी स्त्रियांचे शिवण, शुक्रवारी प्रार्थना, नाताळच्या आधी भिंतींना चुना, नाताळच्या दिवशी सर्वांचे एकत्र भोजन, त्यासाठी कोणी ज्वारी आणावी आणि कोणी तुरीची डाळ, हे सर्व मी आदल्या दिवशी नीट लिहून काढीत असे. माझी वाक्ये लांब असत. वाचन संपले की भातकुलीचा एक शेतकरी बंधू, जो दर रविवारी पहाटेच गाडी जुंपून येई, तो प्रेमाने म्हणे, "वाचलं त बेस, शास्त्रीबुवा. आता काय कराचं ते सांगा."

त्या वर्षी नाताळच्या तीन आठवडे आधी माझ्या सूचनांत एक नवी सूचना आली. आमच्या मंडळीत पहिले लग्न व्हावयाचे होते.

वधू तिशीची होती. सातव्या वर्षी तिचे लग्न झाले होते, बाराव्या वर्षी ती विधवा झाली, आणि सासरच्यांनी तिला अपशकुनी ठरवून घराबाहेर काढले. आमच्या मंडळीतील एका वृद्ध सुइणीने तिला आपल्या खोलीत ठेवून घेतले, त्यास अठरा वर्षे लोटली होती. या सुइणीला सारे गाव मावशी म्हणे. वधू दिवसभर रेच्यावर बसून कापसातली सरकी वेगळी करी आणि रविवारी आमची गीते तीच उचलून धरी. तिचा सूर लागला म्हणजे पोत्यांवरचे वृद्धही टाळी धरीत. वर अकोल्याचा, विधुर, कापसाच्या गाड्या हाकणारा. रेल्वे तेव्हा वऱ्हाडात आलेली नव्हती, त्यामुळे अमरावतीची रुई त्याच्या गाडीतून अकोल्यावरून पश्चिमेकडे जाई. अकोल्यास आपल्या लोकांची तीन-चारच घरे असल्याने तो आमच्याच मंडळीत मोडे.

पाद्रीसाहेबांच्या धर्मविधीत असे होते की लग्नाआधी सलग तीन रविवार ते सर्वांसमक्ष जाहीर करावे, आणि या विवाहास कोणाची हरकत असल्यास ती सांगावी, असे विचारावे. ही रीत आमच्या लोकांस अगदीच नवी होती. पाद्रीसाहेब म्हणाले, "आपण आधी एक रविवार सर्वांना ही रीत समजावून सांगा."

मी समजावून सांगितली, आणि येथेच माझ्या हातून प्रमाद घडला. पाठशाळेत आम्हांला शिकवले होते की सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, पुरतेपणी ऐकून घ्यावे. ज्या मतास कोणी विरोधच केला नाही, ते मत आम्ही सिद्ध मानीत नसू. तोच न्याय मी विवाहास लावला. मी म्हणालो, "बंधूंनो आणि भगिनींनो, हरकत विचारणे हा उपचार नव्हे. प्रत्येकाने आठवडाभर अंतःकरणपूर्वक विचार करावा, आणि जे सुचेल ते निर्भयपणे बोलावे. माहीत असून मौन धरणारा दोषाचा वाटेकरी होतो." सर्वांनी गंभीरपणे माना डोलावल्या. माझे एवढे लक्षपूर्वक त्यांनी पूर्वी कधी ऐकले नव्हते, याचा मला संतोष वाटला.

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी लग्न जाहीर केले आणि हरकत विचारली. ते पान उलटणार, तोच भातकुलीचे बंधू उभे राहिले.

"मले हरकत हाय."

पाद्रीसाहेबांनी चष्मा नीट केला. "सांगावी."

"त्याचा डावा बैल मारका हाय. बाई मानूस वैरन टाकाले गेली अन् त्यानं शिंग मारलं त?"

ते बसतात न बसतात तो स्त्रियांच्या बाजूने एक जण उठली. "तो जेवताना बोलतच नाई. भाजी आवडली का नाई, हिले कसं समजन?" पोत्यावरून एक वृद्ध म्हणाले की वर तंबाखू फार खातो. दुसरे म्हणाले की तंबाखू खातो हे ठीक, पण मागितल्यास देत नाही, ही खरी हरकत. आणखी एकाने वराचे काहीच उणे सांगितले नाही. आठवडाभर विचार करूनही काही सुचले नाही, त्याबद्दल मात्र त्याने हात जोडून क्षमा मागितली.

वर त्या दिवशी गाड्यांबरोबर वाटेत होता. वधू खाली मान घालून बसली होती. पाद्रीसाहेबांच्या ग्रंथात हरकतीची चौकशी होऊन निकाल लागल्याखेरीज विवाह लावू नये असे स्पष्ट लिहिलेले होते. आणि हरकत किती क्षुल्लक असावी याविषयी ग्रंथ काहीच सांगत नव्हता. त्यांनी सर्व हरकती ओळीने लिहून घेतल्या.

उपासना सुटल्यावर वधूने मला विहिरीपाशी गाठले.

"शास्त्रीबुवा, काय शिकवून ठेवलं तुमी यायले?"

मी पूर्वपक्षाचे महत्त्व सांगू लागलो. तिने मला पुरते बोलू दिले नाही.

"सातव्या वर्षी लगन लावलं, तवा मले कोनं इचारलं नाई. आता मी माह्या तोंडानं हो म्हनलं, त मले सोडून साऱ्या गावाले इचारून राह्यले!"

लग्न तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी ठरले होते. मंगळवारी पाद्रीसाहेब मोर्शीकडे फेरीस निघणार, तेथून चांदूरच्या बाजूस, आणि होळीपर्यंत परत येणार नव्हते. एक जरी हरकत शिल्लक राहिली तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर तिच्या पूर्वीच्या सासरी कोणीतरी म्हणणारच, की पाहा, आम्ही म्हणत होतो ते खोटे नव्हते. हे तिने बोलून दाखवले नाही. ती घागर उचलून निघून गेली.

दुसऱ्या रविवारी वर हजर झाला. त्याला सर्व हकिकत वाटेतच कळली होती, कारण कापसाच्या रस्त्यावर गाडीपेक्षा बातमी आधी पोहोचे. त्याने डावा बैल थेट वखारीच्या दारात आणून उभा केला होता. भातकुलीचे बंधू बाहेर गेले, बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवला, कानामागे खाजवले आणि आत येऊन म्हणाले, "मारका नाई. लाजरा हाय. हरकत माघारी." तंबाखूची पुडी वराने स्वतःच पोत्यावरच्या वृद्धांकडे नेऊन दिली. जेवताना बोलण्याबाबत त्याला विचारले, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला व म्हणाला, "तोंडात घास असला का मी बोलत नाई. घास संपला का सांगीन." पाद्रीसाहेब एकेका ओळीवर रेघ ओढीत गेले. शेवटची रेघ ओढून त्यांनी समाधानाने विचारले, "आता कोणाची हरकत नाही ना?"

"माही हाय," मावशी म्हणाली.

सर्वांनी वळून पाहिले. मावशी दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

"काय हरकत आहे?"

"सांगत नाई."

पाद्रीसाहेबांनी ग्रंथ चाळला. कारण न सांगितलेल्या हरकतीचे काय करावे हे त्यांस त्यात आढळले नाही. "पुढच्या रविवारपर्यंत विचार करून सांगावी," असे ते म्हणाले, आणि "हरकत" असे लिहून पुढे जागा कोरी ठेवली. वर भांबावला. वधूच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. ती मावशीकडे एकटक पाहत राहिली.

गुरुवारी मी मावशीच्या खोलीवर गेलो. वधू रेच्यावर कामास गेली होती. मावशीने मला पाट दिला, शेगडीवर भाजलेला हुरडा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमी इचाराले आले. खा, मंग इचारा."

मी विचारले. मावशीने निखारे सारखे केले.

"कारन सांगतलं त ते पोरगी जानार नाई, शास्त्रीबुवा. ते तशीच हाय. म्हनून सांगत नाई."

"पण हरकत ठेवली तरीही तिला जाता येणार नाहीच."

"तेच त!" मावशी एकदम चिडली. "उभी राह्यली तवा तोंडातून निंगून गेलं. तुमीच म्हनलं होतं का, माहीत असून गप बसाचं नाई. आता मागं घेतो म्हनलं त लोक हासतीन, अन् कारन सांगतलं त पोरीचं नुसकान. काहून शिकवलं तुमी असं?"

त्या दोन आठवड्यांत माझ्या अध्यापनाचा दोन स्त्रियांनी निषेध केला, आणि दोन्ही वेळा मला मान खाली घालावी लागली. मी परत निघालो तेव्हा मावशीने पंच्यात मूठभर हुरडा बांधून दिला, एवढेच काय ते समाधान. वाटेवर बाभळीच्या काट्यांना गाड्यांतून निसटलेला कापूस जागोजागी अडकला होता. मी मनोमन प्रार्थना केली की प्रभो, मी बांधलेली ही गाठ मला सोडवता येत नाही, ती तूच सोडव.

तिसऱ्या रविवारी वखार कधी नव्हे ती गच्च भरली. व्यापारी गृहस्थही कुतूहलाने दाराशी येऊन बसला. पाद्रीसाहेबांनी लग्न तिसऱ्यांदा जाहीर केले आणि मावशीकडे पाहिले. मावशी उठली; पण तिने तोंड उघडण्यापूर्वी वधूच उभी राहिली.

"साहेब, मावशीची हरकत मी सांगतो." वऱ्हाडातल्या बाया स्वतःविषयी असेच बोलतात. "मी गेली का ते एकटी राह्यते. हेच ना, मावशी?"

मावशीने पदर डोळ्यांना लावला.

"यानं मले इचारलं, त्याच दिवशी मी याले सांगतलं होतं," वधू वराकडे बोट दाखवून म्हणाली. "म्हनलं, माह्यासंगं पेटी एक, रेचा एक अन् मावशी एक. जमते त हो म्हन. हा म्हनला, गाडीत जागा हाय."

सगळीकडून प्रसन्न हुंकार उमटला. पाद्रीसाहेबांनी रेघ ओढण्यासाठी लेखणी उचलली. एवढ्यात मावशीने पदर डोळ्यांवरून काढला.

"अन् मले इचारलं काय?"

पाद्रीसाहेबांची लेखणी तशीच अधांतरी राहिली.

"माह्या जिवाची अकोल्याले रवानगी झाली, पेटी अन् रेच्यासंगं, अन् मलेच पत्ता नाई! अकोल्याचं पानी खारं. इथं तीन बाया बाळंतपनाले माही वाट पाहून राह्यल्या, पुसात अन् माघात. त्यायले कोन पाहीन? तुहा नवरा?"

प्रथम हसला तो दाराशी बसलेला व्यापारी, मग पोत्यांवरचे वृद्ध, मग सर्वच. वधूने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सातव्या वर्षीचे आपले गाऱ्हाणे जिने मला एवढ्या तिखटपणे ऐकवले, तिच्याच हातून मावशीच्या बाबतीत तेच घडले होते, हे तिला त्या क्षणी उमगले असावे. ती मावशीपाशी गेली, तिच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "चुकलं माहं. आता इचारतो. काय करू, सांग."

मावशीच्या आधी वर बोलला. या साऱ्या प्रकरणात स्वतःहून तो प्रथमच बोलत होता. "मीच इकडं येतो न. रस्ता तोच हाय. आजवर अकोल्यावरून निंगत होतो, आता इथून निंगन. बैल बांधाले जागा पाह्यजे फक्त."

"बैल माह्या वखारीच्या मागं बांध," व्यापारी मोठ्याने म्हणाला, "कापूस माहाच त नेतो!"

"मग आपली हरकत?" पाद्रीसाहेबांनी मावशीला विचारले. त्यांच्या आवाजात मी तेवढी आर्जवाची छटा पूर्वी ऐकली नव्हती.

मावशीने वराला नखशिखान्त न्याहाळले. "हा घोरते काय?"

"नाई," वर म्हणाला.

"मी घोरतो. चालते काय?"

"चालते."

"मंग काढा रेघ, साहेब."

सोमवारी सकाळी चुन्याचा ओला वास येत असलेल्या त्या वखारीत लग्न लागले. पाद्रीसाहेबांनी वधूला विचारले, "हा पुरुष तुला..." पण त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच ती "हो" म्हणाली, आणि तेही इतक्या मोठ्याने की बाहेर बांधलेल्या बैलांनी माना वर केल्या. विधीप्रमाणे प्रश्न पुन्हा पूर्ण विचारावा लागला, तेव्हा तिने दुसऱ्यांदाही तितक्याच मोठ्याने उत्तर दिले.

नंतर भोजन झाले. ज्वारीच्या भाकरी, वरण, वांग्याची भाजी आणि व्यापाऱ्याच्या घरून आलेली गोड शिरणी. पंगत अर्धी उठली असताना एक माणूस धावत आला. त्याच्या सुनेला कळा लागल्या होत्या, ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी. मावशी हात धुऊन उठली. नव्या लुगड्यातली वधूही पाठोपाठ उठली. मावशीने तिला खांद्याला धरून खाली बसवले.

"नवरी हायस तू. बस. भाकर झाकून ठेव माही, मी येतो वापस."

आणि ती त्या माणसापुढे झपाझप चालत गेली, तरुण बाईसारखी.