बेटावरचं ‘हाय’

इंदापूर तालुक्यात धरणाचं पाणी चढलं की एका टेकडीचं बेट होतं. वर सात-आठ घरं, शेळ्या, बाभळी आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास. लकवा होऊन वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे माझं काम. तिथल्या एका म्हाताऱ्या होडीवाल्यासाठी मी बारामतीहून दर गुरुवारी जाऊ लागले. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणू लागले.

बेटावरचं बोलणं मला पहिल्याच दिवशी जाणवलं. शेजारी बसलेल्याशीही ही माणसं पाण्यापलीकडं हाक मारावी तशी बोलत. शेवटचा स्वर लांबवत, वर नेत आणि तिथंच सोडून देत. मला वाटलं भांडण पेटलंय. तर तात्यांची बायको, म्हणजे आजी, मला चहात साखर किती घालू, ते विचारत होत्या.

तात्यांपुढं मी चित्रं मांडली. "हे काय आहे?" त्यांनी तोंड फिरवलं. तीन गुरुवार हेच झालं. चौथ्या गुरुवारी आजी म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. तुमी रेडिओवानी बोलताय. त्येंना वाटतं, कुनी सायेब तपासनीला आलाय."

ते मला लागलं. माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. घरी आम्हीही हाय-न्हायच बोलायचो. पुण्यात शिकताना मुलींनी हसू नये म्हणून ते मी घासून काढलं होतं. होडीतून परतताना ठरवलं, ते बोलणं पुन्हा जमेपर्यंत सोडायचं नाही. आठवडाभर गाडी चालवताना मोठ्यानं बोलत राहिले. आजींना म्हटलं, "चुकलं की सांगा." त्यांनी दर वाक्याला सांगितलं. "आवाज वर न्या, मॅडम. मधीच बसतोय."

साधे शब्द हरवलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी सवयीची हाक सहज निघते, हे मला ठाऊक होतं. म्हणून एका सकाळी आम्ही दोघींनी तात्यांना धरून काठाला नेलं. आजींनी पाण्याकडं तोंड करून होडीवाल्याला मारतात तशी हाक दिली, "हाय का कुनीऽऽ?" मग मी दिली. बगळे उठले, तात्या गप्पच. तिसऱ्यांदा दोघींनी मिळून दिली, आणि आमच्या मधूनच घोगरा आवाज आला, "हाऽऽय."

आजींनी पदरानं तात्यांची हनुवटी पुसली. मी पुन्हा हाक दिली. तात्या पुन्हा म्हणाले.

उन्हाळ्यापर्यंत न्हाय आलं, व्हय आलं, पानी आलं. सगळं बोलणं परत आलं नाही. होडी आता पुतण्या चालवतो. तात्या काठावर बसून त्याला "डावीकडंऽऽ" म्हणून ओरडतात, आणि तो ऐकतो.

नव्या घरी गेले की पहिला दिवस मी आता नुसती बसून राहते. माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकते. परवा सुप्याजवळच्या एका वस्तीवर गेले, तेव्हा घरच्यांनी विचारलं, "मॅडम, सुरुवात कधी?" मी म्हटलं, "झालीया की."